ऑक्सिजन बंद, काम निम्मं : बावीस जणांपैकी एकालाही कमी न करता हे महिने कसे काढावेत?

भोसरीचा_मिस्त्री | ३ मे २०२१, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. मशीनच्या बेस फ्रेम, गार्ड, ट्रॉल्या असलं काम. पगार घेणारी माणसं बावीस. २२ एप्रिलपासून कोविडच्या रुग्णांसाठी उद्योगांचा ऑक्सिजन बंद झाला. त्याच्या दोन दिवस आधीच आमच्याकडचे सातही जंबो सिलिंडर आम्ही टेम्पोत चढवून दिले. त्याचं दुःख नाही. त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावासाठी बेड शोधत आम्ही रात्रभर फिरलो होतो, तेव्हा ऑक्सिजन कुठे जायला हवा हे मला कोणी सांगायला नको.

पण सिलिंडर गेले आणि गॅस कटिंग थांबलं. कटिंग नाही म्हणून फिटरला तुकडे नाहीत, तुकडे नाहीत म्हणून वेल्डर बसून. एप्रिलचं बिलिंग निम्म्यावर आलं. चाकणच्या ज्या कंपनीला माल देतो तिच्याकडे फेब्रुवारीची बिलं अडकली आहेत. गेल्या वर्षी सरकारी हमीवर जे वीस टक्के वाढीव कर्ज मिळालं होतं, त्याची वर्षभराची सवलत संपून जूनपासून मुद्दलाचे हप्ते सुरू होतात.

गेल्या वर्षी मी काय केलं तेही सांगतो. मार्च-एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मेचा अर्धा. जूनमध्ये सहा जणांना म्हटलं, काम आलं की बोलावतो. चौघे परत आले, दोघांचे फोन लागत नाहीत. त्यातला एक वेल्डर सतरा वर्षं माझ्याकडे होता. त्याचा काचेचा मुखवटा अजून खिळ्याला लटकलाय, कोणी वापरत नाही. या वेळी मला कोणालाही 'बोलावतो' म्हणायचं नाहीये.

ज्यांनी असं निभावलंय त्यांनी सांगा. कामाची वाटणी, हिशोब, कायदा, काहीही चालेल. फक्त स्वतः केलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

रानफूल | ३ मे, रात्री ९:५८

भाऊ आता कसे आहेत ते आधी सांगा.

भोसरीचा_मिस्त्री | ३ मे, रात्री १०:०५

घरी आला परवा. अशक्तपणा आहे, पण पेज पितोय. विचारल्याबद्दल आभार.

अंबडचा_टूलरूम | ३ मे, रात्री १०:३१

विजेवरच्या वेल्डिंगला ऑक्सिजन लागत नाही, तुमचं अडलंय ते फक्त कटिंगला. मग एअर प्लाझ्मा, म्हणजे वीज आणि हवेवर चालणारं कटिंग मशीन, का नाही घेत? साधी कॉम्प्रेसरची हवा चालते. १०० अँपिअरचं मशीन असेल तर २० मिमीपर्यंतची प्लेट निघते. आम्ही गेल्या आठवड्यात भाड्याने आणलं. एकच सांगतो, एअर ड्रायर लावल्याशिवाय चालवू नका. हवेत पाणी आलं की नोझल आणि इलेक्ट्रोड भराभर जळतात. पहिल्या दिवशी आमचे पाच गेले.

पातळ प्लेट शिअरिंगवर द्या, पाइप आणि अँगल बँडसॉवर घ्या. तुमचे गॅस कटरवाले दोघे तीन दिवसांत प्लाझ्मा शिकतील, हात बसलेलाच असतो.

भोसरीचा_मिस्त्री | ३ मे, रात्री १०:४४

आमचं बरंचसं काम १२ आणि १६ मिमीचं आहे, म्हणजे बसेल. कॉम्प्रेसर जुना आहे, दाब टिकतो का बघावं लागेल. भाडं किती पडलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

वकीलवाडा | ४ मे, सकाळी ८:१२

धाग्यात दोन शब्दांची गल्लत होण्याआधी सांगतो, मी कामगार न्यायालयात वकिली करतो.

आपण बोलताना 'ले-ऑफ' म्हणजे कामावरून काढणं असं म्हणतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसं नाही. ले-ऑफ म्हणजे माणूस हजेरीपटावर आहे, पण कच्चा माल, वीज, यंत्र अशा कारणाने त्याला आज काम देता येत नाही. नातं तुटत नाही. नातं तुटतं ती कपात. कपातीला महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, शिवाय शेवटी आलेला आधी जातो आणि पुन्हा भरती करताना काढलेल्याला आधी विचारावं लागतं. गंमत म्हणजे 'टाळेबंदी' हा शब्दही आपण कामगार कायद्यातूनच उचलला. मालकाने गेटला कुलूप लावलं की ती टाळेबंदी. गेल्या वर्षीच्या मार्चपासून देशालाच तो शब्द लागला.

ले-ऑफमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मालकाने द्यायची असते. पण ही तरतूद पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना आहे, आणि तीही वर्षभर सलग सेवा झालेल्यांना. म्हणजे मिस्त्रींच्या बावीस जणांना कायदा ले-ऑफची भरपाई देत नाही. शंभर आणि वरच्या कारखान्यांना ले-ऑफ, कपात, बंद या सगळ्यालाच सरकारची परवानगी लागते. गेल्या सप्टेंबरात संसदेने मंजूर केलेल्या नव्या संहितेत तो आकडा तीनशे केलाय, ती मे २०२१ पर्यंत तरी लागू झालेली नाही.

थोडक्यात, ले-ऑफपुरती भोसरीतली निम्मी शेड कायद्याच्या खालून निसटते. तिथे जे काही होईल ते मालकाच्या मनावर.

एक_ऑपरेटर_वाळूज | ४ मे, दुपारी ३:२०

दुसऱ्या पाळीला जायच्या आधी लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहतो, गाव हिंगोली जिल्ह्यात. नऊ वर्षं वाळूजमध्ये मशीनवर आहे. पण कागदावर एकाच मालकाकडे नऊ वर्षं नाही. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार, कार्ड नवं, गेट तेच. वकीलसाहेब म्हणतात वर्षभर सलग सेवा पाहिजे. आमची ती कधी होतच नाही, होऊ देतच नाहीत.

गेल्या वर्षी लॉकडाऊन लागलं तेव्हा पर्मनंट लोकांना मेसेज आला की घरी थांबा, पगार होईल. आम्हाला मेसेजच आला नाही. कंत्राटदाराला फोन लावला तर म्हणे कंपनीने बिल दिलं नाही. कंपनीच्या गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला तुमचं नाव आमच्याकडे नाही. आठ वर्षं ज्या गेटातून आत गेलो तिथे माझं नावच नाही. खोलीमालकाने मात्र दोन महिन्यांचं भाडं मागितलं नाही, त्या माउलीला मी विसरणार नाही. मेमध्ये गावी गेलो, खरिपाची पेरणी केली, दिवाळीनंतर परत आलो.

सगळे विचारतात कपात कशी थांबवायची. आम्हाला कोणी काढलंच नाही, साहेब. आम्ही कधी होतोच कुठे कागदावर?

पीएफचे पैसे काढायला गेलो तर जुन्या कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. तो फोन उचलत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

मनीषा_एचआर | ४ मे, संध्याकाळी ७:०२

@एक_ऑपरेटर, तारखेसाठी कंत्राटदाराच्या मागे लागू नका. जानेवारी २०२० पासून ती आपली आपल्याला भरता येते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले पाहिजेत. पीएफच्या साइटवर यूएएनने (पीएफचा कायमचा नंबर) लॉगिन करून 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' आहे. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावर येतो. अडलं तर मला व्यनि करा, आपण फोनवर मिळून करू.

आणि कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ कंपनीने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेलं आहे. 'नाव आमच्याकडे नाही' हे उत्तर होऊ शकत नाही. मी स्वतः एचआरमध्ये आहे आणि तरी हे लिहितेय.

मूळ प्रश्नावर : चाकणला आमच्याकडे मागच्या जूनमध्ये एकाआड एक आठवडा केलं. 'अ' गट एक आठवडा, 'ब' गट पुढचा. पगार साधारण पंचाहत्तर टक्के पडला. दोन मीटिंग वादळी झाल्या, तिसऱ्यात युनियनने एकच अट घातली की मॅनेजरांचा पगारही तेवढाच कापा. तो कापला आणि वाद मिटला. माझाही कापला गेला. सप्टेंबरपर्यंत सगळे पूर्ण पगारावर आले, एकही माणूस गेला नाही. खरं लिहायचं तर हे पर्मनंट लोकांपुरतं. नीम ट्रेनी (सरकारी प्रशिक्षण योजनेतून घेतलेली मुलं) एप्रिलमध्येच घरी पाठवले होते. ते कायद्याने कामगार नाहीत, म्हणून कपातीच्या आकड्यातही आले नाहीत. ही गोष्ट मला आजही खुपते.

सातपूरची_सई | ४ मे, रात्री ९:१५

बायकांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मी वायरिंग हार्नेसच्या लाइनवर होते, आमच्या लाइनला जवळजवळ सगळ्या बायका. गेल्या जूनमध्ये कंपनी सुरू झाली, पण बसमध्ये निम्मेच बसवायचे असा नियम. बस तेवढीच. मग ज्यांच्याकडे मोटरसायकल ते कामावर, ज्या बसने येणाऱ्या त्या 'सध्या थांबा'. शाळा बंद, पोरं घरात. दोन महिने थांबल्यावर सांगितलं की तुम्ही गैरहजर आहात.

काढताना कोणी 'बायकांना काढा' असं म्हणालं नाही. एक बस जास्त लावली असती तर आम्ही चाळीस जणी कामावर असतो.

भोसरीचा_मिस्त्री | ४ मे, रात्री ९:५०

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याकडे दोघी आहेत, ग्राइंडिंग आणि पेंटिंगला, दोघी दिघीहून पीएमपीने येतात. आणायची-सोडायची सोय करतो.

घाटावरचा_पावणा | ५ मे, सकाळी ७:४०

इचलकरंजीत या, भावांनो, इथं ना ले-ऑफ हाय ना कपात. मीटरवर मजुरी. माग चालला तर पैसं, थांबला तर चहा पण उधार. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला खटखटाट थांबला तेव्हा म्हातारी माणसं झोपंतनं उठून बसायची. आवाज नाही म्हणून.

मागवाले तरी कुठं मोठे? चार-आठ मागांचा मालक स्वतःच कामगार. सूत देणारा व्यापारी पेमेंट नव्वद दिवसांनी करणार, आणि कांडीवाली बाई शनिवारी आठवड्याची मजुरी मागणार. मधल्या मधी मालक बी खलास.

वकीलवाडा | ५ मे, सकाळी १०:२६

पावण्यांनी मुद्द्याला हात घातला. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायची सक्ती आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 'समाधान' पोर्टलवर तक्रारही करता येते. मिस्त्री, फेब्रुवारीची बिलं त्यात बसतात, लघुउद्योग म्हणून सरकारकडे 'उद्यम' नोंद असेल तर.

भोसरीचा_मिस्त्री | ५ मे, सकाळी ११:०२

उद्यम नोंद आहे. तक्रार केली तर पैसे मिळतील आणि पुढची ऑर्डर जाईल. माझं साठ टक्के काम त्या एका कंपनीचं आहे.

नेकारकाठ | ५ मे, दुपारी १:३०

मी मूळचा चिंचवडचा, सध्या श्टुटगार्टजवळ एका मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आमचा कारखाना 'कुर्त्सआर्बाइट'वर गेला, म्हणजे कमी तासांचं काम. मी आठवड्यातून दोन दिवस जायचो. त्या दोन दिवसांचा पगार कंपनीने दिला. जो बुडाला त्यातला साठ टक्के, पोरंबाळं असतील तर सदुसष्ट टक्के, रोजगार खात्याच्या निधीतून. चौथ्या महिन्यापासून तो सत्तरवर आणि सातव्यापासून ऐंशीवर नेला. त्या एप्रिलमध्ये देशभर साठ लाखांच्या आसपास लोक असे होते. आमच्या शेडमधून एकही माणूस गेला नाही.

धुळाक्षर | ५ मे, दुपारी २:११

जर्मनीचं ऐकायला छान वाटतं, पण इथे काय उपयोग? त्यांच्याकडे पैसा आहे. आपल्याकडे गेल्या वर्षी २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की पूर्ण पगार द्या. दमडी दिली नाही, नुसता आदेश. १८ मेपासून तो मागे घेतला. पन्नास दिवस टिकला. ३० एप्रिलला औरंगाबाद खंडपीठाने म्हटलं की जिथे टाळेबंदी उठलीय तिथे न येणाऱ्याचा पगार कापता येईल, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगारांनी बसून तडजोड करा. वाळूजचा कंत्राटी हेल्पर कोणाशी बसून तडजोड करणार?

नेकारकाठ | ५ मे, दुपारी ३:०५

पैसा आहे हे खरं, पण तो आभाळातून नाही पडला. दर महिन्याला माझ्या आणि कंपनीच्या खिशातून थोडा थोडा कापला जातो. साथ यायच्या वेळी त्या निधीत सुमारे २६ अब्ज युरो शिल्लक होते. चांगल्या वर्षांत साठवलेले.

मनीषा_एचआर | ५ मे, रात्री ८:४८

मग आपल्याकडेही कापला जातोच की! एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या प्रत्येकाचे ईएसआयसीत (कामगार राज्य विमा) पाऊण टक्का त्याचे, सव्वातीन टक्के मालकाचे. आणि त्यातून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहेसुद्धा. गेल्या वर्षी भत्ता पंचवीसवरून सरासरी रोजगाराच्या पन्नास टक्के केला, जास्तीत जास्त नव्वद दिवस. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी अर्ज, मालकामार्फत जायची अटही काढली, थेट शाखेत देता येतो. वाढीव दर ३० जून २०२१ पर्यंत आहे. दोन वर्षं विमा असलेल्या कंत्राटी माणसालाही मिळतो, @एक_ऑपरेटर, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर नक्की सांगा. मी अकरा जणांचे अर्ज भरून दिले, नऊ जणांना पैसे मिळाले.

पण नेकारकाठांचं वाचताना एक गोष्ट लख्ख दिसली. हे पैसे नोकरी गेल्यावर मिळतात. मिस्त्रींनी बावीस जणांना हजेरीपटावर ठेवून निम्मं काम दिलं तर त्यांना यातला रुपया मिळणार नाही. सहा जणांना काढलं तर त्या सहांना मिळेल. आपला निधी माणूस गेटाबाहेर पडायची वाट बघतो. तोच पैसा महिनाभर आधी आला तर नोकरी वाचेल.

रानफूल | ५ मे, रात्री ९:०३

+१. हा प्रतिसाद जपून ठेवते.

आबा_तासगावकर | ६ मे, सकाळी ६:५५

वय ७४, जिल्हा परिषदेतून निवृत्त. मनीषाताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

असा निधी आपण एकदा उभा केलेला आहे. आमच्या तासगाव तालुक्यात विसापूरला वि. स. पागे यांनी १९६९ साली रोजगार हमीचा प्रयोग केला. बहात्तरच्या दुष्काळात तो राज्यभर गेला आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदाराने द्यायचा असं विधिमंडळाने ठरवलं आणि १९७५ साली व्यवसाय कर आला. तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात ना, ते हेच. वर्षाला अडीच हजार. मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या कपातीतून माणदेशातल्या बाईला खडी फोडायचं काम मिळालं. मी त्या कामांच्या हजेऱ्या लिहिल्या आहेत. उन्हात पाटीवर कागद चिकटायचा.

गेल्या वर्षी उलटं झालं. काम शहरातलं गेलं आणि माणूस गावाकडे आला. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या पगारातून हमीचा कर घेतला, त्या कारखान्यातल्या माणसाला स्वतःच्या रोजगाराची हमी नाही. व्यवसाय कराचा काही हिस्सा राखून ठेवा आणि अशा महिन्यांत पन्नासच्या खालच्या कारखान्यांचा अर्धा पगार त्यातून द्या. हजेरीपट तपासायला माणसं लागतील, तर आम्ही निवृत्त मंडळी अजून जिवंत आहोत.

धुळाक्षर | ६ मे, सकाळी ९:३०

आबा, माझा विरोध मागे घेतो. एक शंका आहे. खोटे हजेरीपट होतील. रोहयोतही झालेच होते.

आबा_तासगावकर | ६ मे, सकाळी ११:१५

झाले होते, नाकारत नाही. पण खोट्या हजेऱ्या होत्या म्हणून खऱ्या बाईला उपाशी ठेवलं नाही. आता तर पीएफ, ईएसआयसीची नावं आधीपासून आहेत. साथ यायच्या आधी ज्याचं नाव तिथे आहे त्यालाच द्या.

एक_ऑपरेटर_वाळूज | ६ मे, रात्री ११:५८

मनीषाताई, तारीख भरली गेली! आज ओटीपी आला. आबा, तुमचं सगळं वाचलं. फक्त एक जोडा : ज्यांचं नाव तिथे नाही तेच आमच्यात जास्त आहेत. आधी नाव लागू द्या.

जालनेकर | ८ मे, सकाळी ५:३०

आज ८ मे. गेल्या वर्षी आजच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर सोळा जण गेले. आमच्या जालन्यातल्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले. गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने भुसावळकडे निघाले होते, थकून तिथेच झोपले. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला.

जालन्यात भट्टीसमोर काम करणारी माणसं बहुतेक परराज्यातली. काम थांबलं की त्यांची खोली, मेस, उधारी सगळं एकाच दिवशी थांबतं. पगाराचं काय करायचं ते करा, पण मिस्त्री, तुमच्याकडे बाहेरचे कोणी असतील तर मेसचं बिल थेट मेसवाल्याला देऊन टाका. जेवण चालू असलं तर माणूस रात्री चालत सुटत नाही.

अंबडचा_टूलरूम | ८ मे, सकाळी ८:४०

वाचून हात थांबला.

कोथरूडचा_सीए | ८ मे, दुपारी १२:२०

मिस्त्री, हप्त्याबद्दल. ५ मे रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलंय की पंचवीस कोटींपर्यंत कर्ज असलेल्या आणि आधी कर्जाची पुनर्रचना (हप्ते नव्याने बांधून घेणं) न घेतलेल्या लघुउद्योगांना आता ती मागता येईल, ३० सप्टेंबरपर्यंत. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, चुकल्यावर नको. सोबत ऑर्डर बुक आणि सहा महिन्यांचा रोख आवकजावकीचा तक्ता न्या. तक्ता मी करून देतो, फी नको.

सातपूरची_सई | ८ मे, दुपारी २:०५

थोडं अवांतर : आरटीपीसीआरचे पैसे कोण भरतं तुमच्याकडे? दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट मागतात, केंद्रावर पाचशे रुपये. आमच्या शेजारणीच्या पगारातून कापले. दहा हजार पगारात महिन्याला हजार.

मनीषा_एचआर | ८ मे, दुपारी २:४०

कंपनीनेच भरायला हवेत. तो खर्च सुरक्षेचा, बूट-हेल्मेटसारखाच.

भोसरीचा_मिस्त्री | १६ मे, रात्री १०:१०

उशीर झाला, क्षमा असावी. काय केलं ते सांगतो.

शनिवारी सगळ्यांना शेडमध्ये अंतराने बसवलं आणि वही उघडून ठेवली. किती बिलं अडकली, बँकेत किती, हप्ता किती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दाखवली. मला वाटलं घाबरतील. सगळ्यात जुना फिटर म्हणाला, "शेठ, हे आधी सांगितलं असतं तर गेल्या साली आम्हीच वाटून घेतलं असतं."

ठरलं ते असं. दोन गट, तीन-तीन दिवस. पगार सत्तर टक्के, पण बारा हजारांच्या खाली कोणाचाच जाणार नाही. म्हणजे हेल्परांचा जवळजवळ पूर्ण राहतो. मी जूनपर्यंत काही उचलणार नाही. बिहारचे तिघे आहेत, त्यांच्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे जालनेकरांनी सांगितल्याप्रमाणे मेसवाल्याकडे जमा केले. दोघींना आणायला-सोडायला आमचा टेम्पोवाला जातो. टेस्टचे पैसे शॉपचे.

अंबडकरांच्या ओळखीने प्लाझ्मा मिळाली, ड्रायरसकट. पहिल्या दिवशी दोनच नोझल गेले. बँकेत सीए साहेबांचा तक्ता दिलाय, उत्तर यायचंय. चाकणच्या कंपनीत स्वतः जाऊन बसलो, तक्रारीचं नाव न काढता ४५ दिवसांच्या कायद्याची प्रत टेबलावर ठेवली. फेब्रुवारीतलं निम्मं आलं.

त्या दोघांपैकी एकाचा पत्ता लागला. सतरा वर्षंवाल्याचा. त्याच्या मेव्हण्याकडून नंबर मिळाला. गावी विहिरीच्या कामावर जातो. फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. मग विचारलं, "माझा मुखवटा आहे का अजून?" आहे म्हटलं. पेरणी झाली की बघतो म्हणाला.

दुसऱ्याचा शोध सुरू आहे. शेवटचा माग उमरग्याकडचा आहे. त्या बाजूचं कोणी असेल तर व्यनि करा, नाव तिथे सांगतो.

एक_ऑपरेटर_वाळूज | १६ मे, रात्री ११:५५

आमच्या लाइनवर उमरग्याचे दोघे आहेत. उद्या पाळीला विचारतो. व्यनि केलाय.